इटालियनमधले लांबलचक शब्द सोपे, छळतात ते छोटेच

इटालियन शिकायला घेतलं की कोणीतरी हमखास एक शब्द तोंडावर फेकतं, प्रेचिपितेवोलिस्सिमेवोलमेन्ते, अर्थ साधारण 'प्रचंड घाईगडबडीने', रोमन लिपीत 26 अक्षरं. बघूनच घाम फुटतो, पण तोडायला बसा, प्रे-चि-पि-ते-वो-लिस्-सि-मे-वोल्-मेन्-ते, झाले 11 तुकडे, म्हणजे सिलॅबल्स (एका दमात उच्चारला जाणारा, एक स्वर असलेला भाग). (इटालियन कवितेतली सगळ्यात लाडकी ओळ 11 सिलॅबल्सची असते, म्हणजे हा पठ्ठ्या एकटाच अख्खी ओळ खाऊन बसतो.)

तोडणं तसं सरळ आहे. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं, डबल असेल तर मधोमध फुटतं, नोत्-ते, पाल्-ला. आणि हे डबल दाबूनच म्हणायचं बरं का, पाला म्हणजे फावडं आणि पाल्ला म्हणजे चेंडू!

खरी गंमत 'स'ची. इटलीत शाळेत पा-स्ता असंच तोडायला शिकवतात, अगदी आपण देवनागरीत लिहितो तसं, पण कान वेगळंच सांगतो. शब्दाच्या मधे जोर आलेला स्वर तुकड्याच्या टोकाला मोकळा असेल तर तो लांबतो, म्हणून पालातला 'आ' लांब, पाल्लातला आखूड, आणि पास्तातला पण आखूडच, म्हणजे बोलताना 'स' मागच्याच तुकड्याला चिकटलाय, पास्-ता.

आता जोर. तो बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर पडतो, अगदी शेवटी असेल तर स्वरावर तिरकी रेघ देतात, बाकी ठिकाणी सहसा काहीच लिहीत नाहीत. शेवटून दुसरा तुकडा व्यंजनाने बंद होत असेल तर जवळपास नक्की जोर तिथेच, हा लॅटिनचा वारसा. आपल्या वृत्तांत जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ना, त्याच जातीचा हिशोब. तारान्तो आणि ओत्रान्तो ही दक्षिणेतली दोन शहरं मात्र हा नियम धाब्यावर बसवतात, दोन्हीत जोर पहिल्याच तुकड्यावर.

लांब शब्दांना बहुतेकदा -मेन्ते, -इस्सिमो, -त्सिओने असली शेपटं असतात, शेपूट दिसलं की जोर ठरला. छोट्यांना असा आधारच नाही. 'आन्कोरा'त पहिल्यावर जोर दिला तर जहाजाचा नांगर, दुसऱ्यावर दिला तर 'अजून', स्पेलिंग तेच. 'कापितो'चं पण तसंच, जोर पहिल्यावर तर 'मी येऊन टपकतो', दुसऱ्यावर तर 'समजलं'. इथे डिक्शनरी उघडण्याला पर्याय नाही.

आणि क्रियापदांना सर्वनामं चिकटली की जोर जागचा हलत नाही, नुसतं शेपूट वाढतं. फाब्-ब्रि-का-मे-लो, 'मला ते बनवून दे', जोर पहिल्या तुकड्यावर आणि पुढचे चारही बिनजोराचे.