कार्बन डॉट्स

कार्बन डॉट्स म्हणजे सहसा १० नॅनोमीटरपेक्षा लहान असलेले आणि अतिनील किंवा निळ्या प्रकाशात स्वतः उजळणारे कार्बनचे कण. उजळण्याच्या या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. कॅडमियम सेलेनाइडसारख्या क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अर्धवाहक पदार्थाच्या चकाकणाऱ्या सूक्ष्म कणांचा, रंग यांच्यापेक्षा शुद्ध असतो, पण कॅडमियम विषारी आहे. कार्बन डॉट्स पाण्यात सहज विरघळतात आणि स्वस्त कच्च्या मालापासून तयार होतात.

कोळसा काळा, ग्राफाइट काळे, काजळीही काळीच. असा कार्बन प्रकाश देतो हे २००४ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात योगायोगाने लक्षात आले. तेथे विद्युत प्रज्योतीच्या काजळीतून कार्बन नॅनोनलिका (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वेगळ्या केल्या जात होत्या. त्या शुद्ध करताना चकाकणारे कण हाती लागले. क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन यांच्या गटाने २००६ मध्ये ‘कार्बन डॉट्स’ हे नाव रूढ केले. लेसरच्या माऱ्याने ग्राफाइटपासून मिळवलेले त्यांचे कण आधी जवळजवळ अंधारेच होते. पृष्ठभागावर बहुवारिकाचे (पॉलिमरचे) आवरण चढवल्यावरच ते उजळले. पुढच्याच वर्षी मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळूनही असे कण मिळाले, मात्र त्यांचा प्रकाश क्षीण होता.

आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी कृती २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातून आली. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमीन यांचे पाण्यातील द्रावण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात बंद करून सुमारे २०० अंश सेल्सिअसला पाच तास तापवायचे. भांडे उघडले की आत तपकिरी पाणी दिसते आणि अतिनील दिव्याखाली धरताच ते झगझगीत निळे होते. शोषलेल्या १०० फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) सुमारे ८० परत मिळतात, असे मोजमाप तेव्हा प्रसिद्ध झाले. रूरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याआधी, २०१२ मध्ये, संत्र्याच्या रसापासून असेच कण बनवले होते.

पण हा प्रकाश नेमका कशाचा? या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जिलिन कृतीतल्या निळ्या प्रकाशाचा मोठा वाटा तापवताना तयार होणाऱ्या एका लहान सेंद्रिय रेणूचा असतो, हे पुढे दाखवले गेले. म्हणून मिश्रण अर्धपारगम्य पटलाच्या पिशवीत ठेवून, बाहेरचे पाणी वारंवार बदलत लहान रेणू काढून टाकावे लागतात. ही पायरी गाळली तर कणांच्या नावावर रेणूचेच मोजमाप होते. पाण्यातील लोह ओळखण्याच्या चाचणीतही अशीच दक्षता हवी. लोहाच्या फेरिक आयनांमुळे (विद्युतभारित कणांमुळे) अनुस्फुरण मंदावते हे खरे, पण हे आयन स्वतःच अतिनील प्रकाश शोषतात. त्यामुळे प्रत्येक घट कणांशी झालेल्या अभिक्रियेमुळेच झाली असे धरता येत नाही.

पेशींचे चित्रण हा या कणांचा परिचित उपयोग. २०१५ मध्ये कार्बन नायट्राइडसोबत त्यांचा उत्प्रेरक वापरून दृश्य प्रकाशात पाण्याचे विघटनही साधले गेले.

दिव्यांसाठी मात्र घन रूप लागते, आणि द्रावण सुकवले की कण एकमेकांना चिकटून बहुतेकांचा प्रकाश विझतो. यावर उपाय म्हणजे ते सिलिका, स्टार्च किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये विखरून ठेवणे. मग एलईडीवर त्यांचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळवता येतो. अशा घट्ट माध्यमात काही कण अतिनील दिवा बंद केल्यावरही क्षणभर तेवत राहतात. बनावट कागदपत्रे ओळखण्याच्या शाईसाठी हाच गुण उपयोगी पडतो: दिवा चालू असताना सारखीच दिसणारी दोन अक्षरे दिवा बंद होताच वेगळी ओळखू येतात.