अमेरिकेत फ्लॅटबेड ट्रक चालवायचा आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेत फ्लॅटबेडसाठी, म्हणजे उघडा सपाट ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी, वेगळा परवाना नाही. बंद ट्रेलर ओढणाऱ्याकडे आणि उघड्या ट्रेलरवर पोलादाच्या कॉइल नेणाऱ्याकडे एकच ‘क्लास ए’ सीडीएल (व्यावसायिक वाहन चालवण्याचा परवाना) असतो. लेखी परीक्षेत माल बांधण्यावर काही प्रश्न येतात, पण साखळी किंवा पट्टा लावून दाखवायला कोणी सांगत नाही. रस्त्यावरच्या तपासणीत मात्र बांधणीबद्दल तुम्हालाच विचारलं जातं. म्हणून परवान्याची तयारी सुरू असतानाच बांधणीचे नियमही शिकायला घ्या.

कोण अर्ज करू शकतं

ट्रक आणि ट्रेलरची मालासह एकूण वजनाची एकत्रित नोंदवलेली क्षमता २६,००१ पौंड किंवा अधिक, आणि त्यात ट्रेलरची १०,००० पौंडांहून जास्त असेल तर क्लास ए लागतो. राज्याच्या हद्दीत चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत, राज्याबाहेर जायला २१. फ्लॅटबेडचा बराचसा माल राज्याराज्यांतून जात असल्यामुळे २१ च्या आत नोकरीचे पर्याय फार कमी असतात.

नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांचा मार्ग सरळ आहे. इतर व्हिसांवर असलेल्यांसाठी २०२५ पासून नियम कडक करण्याचे प्रयत्न आणि त्यावरची कोर्टबाजी चालू आहे. तुम्ही या गटात असाल तर ट्रेनिंग स्कूलची फी भरण्याआधी राज्याच्या परवाना कार्यालयात स्वतःच्या स्थितीबद्दल नक्की विचारा. ‘होईल काहीतरी’ अशा तोंडी भरवशावर पैसे गुंतवू नका.

इंग्रजीचा नियमही गांभीर्याने घ्या. फलक वाचता येणं, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देता येणं आणि नोंदी लिहिता येणं बंधनकारक आहे. जून २०२५ पासून तपासणीत यात कमी पडलेल्या ड्रायव्हरला तिथेच थांबवलं जातं.

आधी मेडिकल, मग बाकी सगळं

सुरुवात वैद्यकीय तपासणीपासून करा. ती संघीय नोंदणी यादीतल्या परीक्षकाकडूनच व्हावी लागते. प्रत्येक डोळ्याची दृष्टी चष्म्यासह किंवा चष्म्याविना २०/४० हवी. रक्तदाब १४०/९० च्या आत नसेल तर प्रमाणपत्र बहुधा कमी मुदतीचं मिळतं, एरवी ते जास्तीत जास्त २४ महिने चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना २०१८ पासून दार बंद नाही, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा ठरावीक फॉर्म न्यावा लागतो. अडचण असेल ती इथेच कळते, फी भरण्यापूर्वी.

त्यानंतर लर्नर परमिट. सोबत पासपोर्ट किंवा ग्रीनकार्ड, सोशल सिक्युरिटी क्रमांक, राहण्याचा पुरावा आणि सध्याचा वाहन परवाना न्या. कोणती कागदपत्रं चालतात हे राज्यागणिक बदलतं. सर्वसाधारण ज्ञान, एअर ब्रेक आणि जोडवाहन (ट्रक अधिक ट्रेलर) अशा तीन लेखी परीक्षा असतात.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नवशिक्यांना संघीय यादीतल्या संस्थेकडूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं. थिअरीत किमान ८० टक्के हवेत. तासांची किमान अट नाही, त्यामुळे घाईत उरकणारी स्कूलंही आहेत. प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती वेळ मिळेल, हे आधी विचारून घ्या. परमिट मिळाल्यावर किमान १४ दिवसांनी चाचणी देता येते. तीत गाडीची पाहणी, मैदानातलं नियंत्रण आणि रस्त्यावरचं ड्रायव्हिंग पाहतात. चाचणी ऑटोमॅटिक गिअरवर दिली तर मॅन्युअल ट्रक चालवता येणार नाही, अशी अट परवान्यावर पडते.

नोकरीच्या अर्जासाठी गेल्या १० वर्षांचा कामाचा तपशील जुळवून ठेवा, मधल्या रिकाम्या काळासकट. भारतातली नोकरी त्या काळात येत असेल तर तीही लिहा. कंपनी अमली पदार्थ चाचणी घेते आणि क्लिअरिंगहाऊस या अमली पदार्थांबाबतच्या संघीय नोंदीतला तुमचा इतिहास पाहते, त्यामुळे तिथे खातं उघडून संमती द्यावी लागते. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी ड्रायव्हरला चालत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून या नोंदीत ‘मनाई’चा शेरा असलेल्याचा सीडीएलच काढून घेतला जातो.

बांधणीचं गणित

दोन हिशेब करा आणि जो आकडा मोठा येईल तेवढे बांध (पट्टे किंवा साखळ्या) घाला. पहिला वजनाचा: सगळ्या बांधांची मिळून भार पेलण्याची नेमून दिलेली क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. दुसरा लांबीचा: माल पुढे सरकू न देणारा अडसर नसेल तर १० फुटांपर्यंतच्या मालाला साधारणपणे दोन बांध आणि पुढच्या प्रत्येक १० फुटांना किंवा त्याच्या भागाला एक. समजा ४०,००० पौंडांचा, ४० फूट लांब माल आहे. चार इंची पट्ट्याची क्षमता ५,४०० पौंड असेल तर वजनानुसार चार पुरतात, लांबीनुसार मात्र पाच लागतात. म्हणून पाच. एका बाजूने निघून मालावरून दुसऱ्या बाजूला बांधलेला पट्टा पूर्ण मोजतात. गाडीला एक टोक आणि मालाला दुसरं, असा बांध निम्माच धरतात.

कॉइल, लाकूड, काँक्रीटचे पाइप, अवजड यंत्रं यांचे वेगळे नियम आहेत. धारदार कडांवर संरक्षक लावल्याशिवाय पट्टा ओढू नका, तो कापला जातो. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासणं बंधनकारक आहे. नंतर दर १५० मैलांनी, दर तीन तासांनी किंवा ड्यूटीची नोंद बदलली (उदा. ड्रायव्हिंगवरून विश्रांती) की, यातलं जे आधी येईल तेव्हा. सुरुवातीच्या आठवड्यांत मी तरी याहून जास्त वेळा थांबायला सांगेन, कारण नवे पट्टे ताणले जातात आणि माल बसत जातो.