ट्रान्सीव्हर शिकायचाय? आधी दोन जुने रेडिओ शोधा

वॉकीटॉकी, मोबाइल, वायफायचा राउटर, पोलिसांच्या गाडीतला वायरलेस सेट, या सगळ्यांच्या पोटात ट्रान्सीव्हर असतो, म्हणजे रेडिओ लहरी पाठवणारा आणि घेणारा असा दुहेरी भाग. तो चालतो कसा हे शिकायला बसलेला माणूस लवकरच अडकतो. एकीकडे ‘लहरी हवेतून जातात’ एवढंच सांगून थांबणारे व्हिडिओ, दुसरीकडे मॅक्सवेलच्या समीकरणांनी सुरू होणारी जाडजूड पुस्तकं. मधली पायरी सापडत नाही. पण ती आहे, आणि फार खर्चिकही नाही.

काटा फिरवून स्टेशन लावायचे दोन जुने ट्रान्झिस्टर मिळवा. एकावर मीडियम वेव्हचं पुणे आकाशवाणी, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ लावा. दुसरा त्याला अगदी चिकटून ठेवा आणि त्याचा काटा १२४७ च्या आसपास हळूहळू फिरवा. एका जागी खरखर एकदम दबते; तिथे एखादं दूरचं स्टेशन लागत असेल तर शिट्टीही ऐकू येते. आता पहिल्या रेडिओचा काटा किंचित हलवा. दुसऱ्यावरची ती जागाही सरकते!

होतं असं की पहिला रेडिओ स्वतःच एक बारीक लहर तयार करत असतो, आलेल्या लहरीपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वरची, म्हणजे इथे १२४७ ची. दुसरा रेडिओ तीच पकडतो. आलेली लहर आणि ही लहर मिक्सरमध्ये, म्हणजे दोन लहरी मिसळणाऱ्या सर्किटमध्ये, एकत्र आल्या की त्यांच्यातला फरक, ४५५, उरतो. स्टेशन कुठलंही लावा, पुढच्या फिल्टरला नेहमी ४५५ च मिळतं, त्यामुळे तो एकाच आकड्यासाठी काटेकोर बनवता येतो. एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये मांडलेली ही सुपरहेटरोडाइन पद्धत कळली की ट्रान्सीव्हरचा निम्मा भाग कळला.

उरलेल्या निम्म्यासाठी मी एकच सर्किट सुचवेन: हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटएक्स. आपल्याकडच्या हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून सेट बनवता यावा म्हणून त्यांनी ते आखलं. पहिल्या आराखड्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरले होते. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारली तर यातलं बरंचसं सामान आजही हाती लागेल.

बिटएक्सच्या २० मीटर लहरींच्या सेटमध्ये १४.२ मेगाहर्ट्झची लहर अँटेनातून येते, ४.२ च्या ऑसिलेटरशी (सेटमध्येच लहर तयार करणारं सर्किट) मिसळते आणि १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल फिल्टरमधून जाते. हा फिल्टर माणसाच्या आवाजापुरती अरुंद पट्टी सोडतो, बाकी सगळं अडवतो. दुसऱ्या मिक्सरमध्ये १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर असतो; तिथून आवाज सुटा होऊन स्पीकरकडे जातो. बोलायचं बटण दाबलं की हाच प्रवास उलटा होतो: माइक, मिक्सर, तोच फिल्टर, पुन्हा मिक्सर, अँटेना. डायोडचे मिक्सर आणि क्रिस्टलचा फिल्टर दोन्ही दिशांनी सारखेच चालतात. फक्त अँप्लिफायर एकेरी, म्हणून ते पाठीला पाठ लावून जोडीने बसवलेले, आणि बटणासरशी १२ व्होल्टचा पुरवठा एकाकडून दुसऱ्याकडे वळतो. मला हे सर्किट फार देखणं वाटतं. कागदावर बोट ठेवून वाट काढता येते आणि प्रत्येक भाग तिथे का आहे ते विचारता येतं. उदाहरणार्थ, मिक्सरमधून फरकाबरोबर बेरीजही निघते, आणि ५.८ मेगाहर्ट्झमध्ये ४.२ मिळवले तरी १० च होतात. मग तिथलं नको असलेलं स्टेशन कोण अडवतं? अँटेनालगतचा बँडपास फिल्टर, म्हणजे हवी तेवढीच पट्टी आत सोडणारा. असे प्रश्न पडू लागले की एआरआरएल हँडबुक, म्हणजे अमेरिकेतल्या हॅम संघटनेचं संदर्भपुस्तक, उघडावं. १९२६ पासून निघणारा हा ग्रंथ सलग वाचायचा नसतो, अडलेल्या प्रश्नापुरता वाचायचा असतो.

सोल्डरिंग जमत नसेल तर नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठाचा शॉर्टवेव्ह रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही चालवता येतो. तिथे एखादा हॅम बोलत असेल तर फ्रिक्वेन्सी थोडी हलवून बघा: त्याचा आवाज बारीक किंवा घोगरा होतो. दुसऱ्या मिक्सरचा ऑसिलेटर सरकला की बिटएक्समध्ये नेमकं हेच होतं.

बिटएक्सचा ऐकण्याचा भाग आधी बांधता येतो. प्रक्षेपणाला मात्र केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याची परीक्षा १२ वर्षांपुढच्या कुणालाही देता येते, आणि तिच्या अभ्यासक्रमात नियमांबरोबर हेच मिक्सर, फिल्टर आणि ऑसिलेटर असतात.