पंखाखालची रॉकेटं: दुसऱ्या महायुद्धातल्या चाचण्यांची पार्श्वभूमी

विमानावर रॉकेट बसवण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे. १९१६ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी इव्ह ल प्रिअर याने न्यूपोर्ट विमानाच्या दोन पंखांमधल्या खांबांवर नळ्या बांधल्या आणि त्यांतून दिवाळीतल्या बाणासारखी, मागे लांब काठी असलेली रॉकेटं सोडली. लक्ष्य होतं जर्मन निरीक्षण-फुगे. नेम जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत लागे, त्यामुळे वैमानिकाला फुग्याच्या अगदी जवळ जावं लागे. आग लावणाऱ्या गोळ्या आल्या आणि हा प्रकार मागे पडला.

सोव्हिएत संशोधकांनी काठी काढून शेपटाला पंख दिले. हे पंख नळीच्या व्यासाबाहेर फाकवल्यावर रॉकेट स्थिर उडू लागलं. ८२ मिलिमीटरची ही आरएस-८२ रॉकेटं २० ऑगस्ट १९३९ रोजी मंगोलियाच्या सीमेवरच्या खाल्खिन गोलच्या लढाईत सोव्हिएत आय-१६ लढाऊ विमानांनी जपानी विमानांवर डागली.

ब्रिटिशांचं तीन इंची रॉकेट मुळात जमिनीवरून विमानं पाडण्यासाठी बनलं होतं. तेच आडवं करून विमानाखाली लावलं, तेव्हा त्याला आरपी-३ हे नाव मिळालं. पोलादी नळीत सुमारे ११ पौंड कॉर्डाइट (रॉकेटाला ढकलणारी दारू), मागे चार पंख, आणि पुढे हवं ते डोकं: २५ पौंडांचा भरीव पोलादी गोळा किंवा ६० पौंडांचं स्फोटक. १९४२ मध्ये हरिकेन या लढाऊ विमानावरून चाचण्या झाल्या. रॉकेट सुटतं का, हा प्रश्न लवकर मिटला. ते जातं कुठे, हा प्रश्न युद्ध संपेपर्यंत पुरला.

कारण साधं आहे. बंदुकीची गोळी नळी दाखवेल तिकडे निघते. पंखवालं रॉकेट मात्र समोरून येणाऱ्या हवेकडे तोंड वळवतं. विमान किंचित जरी बाजूला घसरत असेल, तरी रॉकेट नाकाच्या रेषेत न जाता घसरणीच्या दिशेने जातं. त्यात सूर मारण्याचा कोन, वेग आणि अंतर यांपैकी काहीही बदललं की रॉकेट किती खाली पडेल तेही बदलतं. कॉर्डाइटच्या तापमानाचाही हिशेब ठेवावा लागे: थंडीत ते सावकाश जळतं, वेग कमी पडतो आणि मारा आखूड होतो. कॉर्डाइटच्या कांडीला तडा गेला असेल तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटू शकते. म्हणून आपटलेलं रॉकेट वापरणं धोक्याचं.

रॉकेटं पंखाखालच्या रुळांवरून सुटत. सुरुवातीचे पोलादी रूळ जड होते आणि हवेला अडवत. पुढे ॲल्युमिनियमचे आले. अमेरिकी चाचण्यांत तर लांब रुळांची गरजच नाही असं दिसलं, कारण विमानाच्या वेगामुळे शेपटाचे पंख पहिल्या क्षणापासून काम करतात. दोन आखूड खुंट्या पुरल्या. स्वोर्डफिश या ब्रिटिश नौदलाच्या विमानाचे पंख कापडी असल्यामुळे ज्वाळेपासून वाचवायला खालच्या पंखाच्या तळाला धातूचा पत्रा मारावा लागला.

या सगळ्यात पाण्यावरच्या चाचण्यांनी सर्वांत उपयोगी गोष्ट हाती दिली. भरीव गोळ्याचं रॉकेट कमी कोनात पाण्यात शिरलं की थोडं पुढे जाऊन वर वळतं. म्हणजे पाणबुडीच्या थोडं अलीकडे पडलेला मारा चुकत नाही, उलट पाण्याखालच्या भागाला भोक पाडतो. २३ मे १९४३ रोजी आर्चर या विमानवाहू जहाजावरच्या स्वोर्डफिशने यू-७५२ या जर्मन पाणबुडीला असंच निकामी केलं.

अमेरिकेत होली मोझेस या पाच इंची रॉकेटानंतर टायनी टिम हे मोठं रॉकेट आलं: पावणेबारा इंच व्यास, वजन बाराशे पौंडांहून जास्त. तेलविहिरीच्या नळीचा तयार व्यास ५०० पौंडी चिलखतभेदी बॉम्बशी जुळला, म्हणून हे माप. ऑगस्ट १९४४ मध्ये हेलडायव्हर या बॉम्बफेक्या विमानावरून चाचणी घेताना पेटण्याच्या धक्क्यानेच विमान कोसळलं आणि लेफ्टनंट जॉन आर्मिटेज यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पेटवणारी दारू कमी केली आणि रॉकेट आधी विमानापासून पुरेसं खाली पडून मगच पेटावं म्हणून ते पेटवणारी, विमानाला बांधलेली दोरी लांबवली.

टायफून या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या रॉकेटांनी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत जर्मन रणगाड्यांचा फडशा पाडला, असं वैमानिक सांगत. लढाईनंतर मैदानात फिरून मोजणाऱ्या संशोधन पथकांना रॉकेटाने फुटलेले रणगाडे फार थोडे सापडले. पुष्कळसे चालकांनीच सोडून दिलेले होते. एका चाचणीत उघड्या शेतात पँथर हा जर्मन रणगाडा स्थिर उभा करून चार टायफूननी ६४ रॉकेटं सोडली. त्यातली ३ लागली.