डायलिसिसच्या रुग्णांत हिपॅटायटिस बीची लस कमी का पडते?

यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूजन्य आजारावरील लशीचे तीन डोस झाले की आयुष्यभराची काळजी मिटली, ही समजूत निरोगी माणसापुरती बरीचशी खरी आहे; डायलिसिसवर असलेल्या रुग्णाने मात्र तिच्यावर विसंबू नये. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो, आणि या रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा शरीराबाहेर खेळवले जाते. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डायलिसिस विभागात या रोगाची साथ आली, तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले.

लस म्हणजे यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतलेले, विषाणूच्या आवरणावरचे प्रथिन. दंडाच्या स्नायूत टोचलेले हे प्रथिन डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे पहारेकरी, गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि लसिका ग्रंथीत (प्रतिकारपेशींच्या तळावर) जाऊन ते टी पेशींपुढे, म्हणजे हल्ल्याचे नियोजन करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, धरतात. परंतु केवळ तुकडा ओळखून टी पेशी कामाला लागत नाही. डेन्ड्रायटिक पेशीवरील सीडी-८६ हा रेणू टी पेशीवरील सीडी-२८ला भिडला, तरच तिला दुसरा इशारा मिळतो, आणि तो न मिळाल्यास ती निष्क्रिय होते. आपल्याच शरीरावर चुकून हल्ला होऊ नये म्हणून निसर्गाने घातलेली ही दुहेरी खातरजमा मला विलक्षण वाटते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पेशींवरील सीडी-८६ घटतो आणि डायलिसिसने ती उणीव पुरती भरून निघत नाही. टी पेशींची मदत तोकडी पडल्याने बी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विषाणूला अडवणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, कमी बनवतात, आणि बनलेली प्रतिपिंडेही लवकर ओसरतात.

याच दुबळेपणामुळे या रुग्णांत प्रत्यक्ष संसर्गही गुपचूप होतो. यकृताची हानी मुख्यतः विषाणू करत नाही, त्याने ग्रासलेल्या पेशींवर आपल्याच टी पेशींनी चढवलेला हल्ला करतो. हल्लाच मंद असला की डोळे पिवळे होत नाहीत, पण विषाणू वर्षानुवर्षे मुक्काम करतो. काविळीवर उतारा म्हणून घातलेली गळ्यातली माळ लांबली की कावीळ उतरली असे मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. माळेतल्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. आणि येथे तर उतरवायला कावीळच दिसत नाही.

म्हणून या रुग्णांना साधारणतः २०ऐवजी ४० मायक्रोग्रॅमचा डोस, बहुतेकदा ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, देतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजतात. ती प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांहून कमी भरली, तर सगळे डोस पुन्हा द्यावे लागतात. निरोगी माणसात प्रतिपिंडे ओसरली तरी विषाणूची ओळख जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी वेळेला धावून येतात. येथे तो भरवसा नसल्याने दरवर्षी मोजणी करून, पातळी १०च्या खाली गेल्यास बूस्टर देतात. सर्वांत चांगला प्रतिसाद मात्र मूत्रपिंडाचा आजार नुकताच कळलेला असताना, डायलिसिस सुरू होण्याच्या कितीतरी आधी, घेतलेल्या लशीला मिळतो.