आवाज केव्हा येतो?

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना जुनी गाडी आपलं दुखणं लपवू शकत नाही. इंजिन ओरडतं, वेग मात्र वाढत नाही, आणि मालक म्हणतो, "गिअरबॉक्स गेला!" बऱ्याचदा गिअरबॉक्स शाबूत असतो, घसरत असते ती क्लच प्लेट. ही प्लेट निव्वळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाची ताकद पुढे पोचवते. तिचं अस्तर झिजलं की पकड सुटते. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड चांगली. चालूच राहिलं तर प्लेट संपत आली. हे एकदाच करा, कारण घसरणारी प्लेट फार लवकर तापते.

धुळ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी माझी गाडी पाहायच्या आधीच विचारलं होतं, "आवाज कव्हय येस, ते सांग." कसा येतो हे त्यांनी विचारलंच नाही. निदानाची सगळी मेख या 'केव्हा'त आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लचवर पाय नाही, अशा वेळी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा, फिरत असतो. तेव्हा घरघर येत असेल आणि पेडल दाबताच थांबत असेल, तर संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर.

एकच गिअर, बहुधा दुसरा, टाकताना 'खर्र' होत असेल तर त्याची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. जोडायच्या दोन भागांचा वेग आधी सारखा करणं हे तिचं काम. अनेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला ही रिंग नसते, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं: उभ्या गाडीत क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल तपासा. थंडीतल्या पहाटे गिअर जड लागून थोड्या अंतरानंतर हलका होत असेल, तर घाबरू नका. ते गारठ्याने घट्ट झालेलं ऑइल असतं.

ऑइल बदलताना जुनं ऑइल मात्र फेकू नका. त्यात चुंबक फिरवा. बारीक चुरा चिकटला तर थोडीफार झीज नेहमीचीच. पोलादाचे कपचे निघाले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. सोनेरी चमक दिसते पण चुंबकाला चिकटत नाही, ते पितळ, म्हणजे सिंक्रोनायझर रिंग. नवं ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला. 'जीएल-४' हा ऑइलचा दर्जा सांगितला असताना दुकानदाराने 'जीएल-५' पुढे केलं तर घेऊ नका, कारण त्यातली जादा गंधकयुक्त रसायनं पितळ खाऊ शकतात.