कॉन्स्टेबलचा समुद्र

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल म्हणजे इंग्लंडमधील सफोक परगण्याची शेते, पाणचक्क्या आणि गवताच्या गाड्या, या पलीकडे त्याने पाहिले नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि तो चुकीचा आहे. क्षयाने आजारी असलेल्या मारियाला, आपल्या पत्नीला, समुद्राची हवा मानवावी म्हणून 1824 पासून तो तिला ब्रायटनला नेत असे. त्या काळी हे गाव इंग्लंडमधील श्रीमंतांचे आवडते विश्रामस्थान होते. तिथली गर्दी त्याला मुळीच रुचली नाही. लंडनची गजबजलेली पिकॅडिलीच समुद्रकाठी आणून ठेवल्यासारखी त्याला ती वाटली, असे त्याने मित्राला कळवले होते.

तरीही त्याने तिथे समुद्र आणि आकाश यांचे अनेक तैलअभ्यास केले आणि सुमारे 127 बाय 183 सेंटिमीटरचे ब्रायटनच्या साखळी धक्क्याचे, म्हणजे साखळ्यांवर टांगलेल्या, समुद्रात शिरणाऱ्या धक्क्याचे चित्र रंगवून 1827 मध्ये रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात मांडले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. 1823 मध्ये खुला झालेला तो धक्का म्हणजे ब्रायटनच्या नव्या थाटाची खूणच, पण चित्रात तो दूर, बारीक रेघेसारखा उरतो. पुढे, अगदी डोळ्यांसमोर, ओली वाळू, होड्या आणि कोळ्यांचे सामान आहे, तर वर अर्ध्याहून अधिक कॅनव्हास भरून दाटलेले आभाळ. हौशी पाहुणे त्यात किरकोळ वाटतात, आणि मला तोच या चित्राचा खरा अर्थ वाटतो.

मारिया 1828 च्या नोव्हेंबरात वारली.